हातभर अलीकडची रेघ

बास्केटबॉलचं मैदान शेणानं सारवतात, हे पुण्याहून आलेल्या पंचांना आधी खरंच वाटेना. त्यांनी बुटाच्या टोकानं जमीन दाबून पाहिली, चेंडू चार ठिकाणी आपटला. चारही ठिकाणी तो सारखाच उसळला. तेव्हा ते वाकचौरे सरांकडे वळून म्हणाले, "खाली कोबा केलाय का हो?"

"छे. खाली मुरूम, त्यावर पांढरी माती, आणि त्यावर लंकाबाई," सर म्हणाले.

लंकाबाई तिथेच, खांबामागे उकिडवी बसली होती. आपलं नाव निघालेलं ऐकून तिनं पदर पुढे ओढला आणि आधीच स्वच्छ असलेली जागा पुन्हा झाडायला घेतली.

कॉलेज कोपरगावच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याचा पाया खणला, तेव्हा लंकाबाईनं मुरमाच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्याच्याआधी ती पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर यायची. नवरा सहादेव ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची. तिसऱ्या हंगामात सहादेव तापानं फणफणला आणि चौथ्या दिवशी पाचटाच्या कोपीतच गेला. त्याला नेल्यावर सासूनं, गोजरबाईनं, कोपीपुढची हातभर जागा सारवली आणि तशीच मोकळी सोडली. त्यांच्याकडे सारवलेल्या जमिनीवर रांगोळीची निदान एक रेघ तरी ओढतात. मोकळी सोडली की समजायचं, या घरातून आज कुणीतरी गेलंय. ती मोकळी जमीन लंकाबाईच्या डोळ्यांपुढून पुढे कधी हललीच नाही.

टोळी गावाकडे परतली, पण लंकाबाई मागे राहिली. बांधकाम संपल्यावर तिला कॉलेजातच झाडलोटीचं रोजंदारीचं काम मिळालं. वाकचौरे सर तेव्हा नुकतेच क्रीडाशिक्षक म्हणून आले होते. त्यांनी दोन खांब रोवून पोरांना खेळायला लावलं होतं. पण चेंडू आपटला की धूळ उडे, आणि धुळीवरून पाय घसरून रोज एकाचा तरी घोटा मुरगळे. आठवडाभर हे पाहिल्यावर लंकाबाईच म्हणाली, "सर, सारवून बघू का?"

सर हसले होते. पंधरा दिवसांनी हसायचे थांबले. आधी पांढरी माती भिजवून चोपायची, मग रूळ फिरवायचा, मग शेणाचा पातळ काला करून एका बाजूनं मागे मागे सरकत सारवत जायचं, आणि दुपारभर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. हे सगळं तिनं कुणी न सांगता बसवलं होतं. खेळ तिला कळत नसे. मैदान मात्र कळे. संध्याकाळी पोरं गेली की ती जमीन वाचत फिरायची. हा खड्डा सूर्यभानचा. राहात्याचा हा पोरगा उंच, वळताना डावी टाच रुतवायचा. हे ओरखडे उडी मारून येणाऱ्याचे. कोण दमलं होतं, कोण पाय ओढत होतं, सगळं तिला तिथे दिसे. मग हळूहळू, पायांवरून, खेळही कळायला लागला.

सारवून झालं की ती रांगोळीची एक रेघ ओढायची. कुंकू घालत नसे. तेवढं तिनं सोडलं होतं. पहिल्यांदा ती रेघ पाहून सर म्हणाले होते, "लंकाबाई, चुन्याच्या रेघांच्या आत दुसरी पांढरी रेघ नको. पोरांचा घोटाळा होईल."

"वाळल्यावर वढती ना सर, वरच्या वर. दोन पाय पडले का गेली. खेळ सुरू होईस्तोवर ऱ्हात न्हाई."

"नक्की?"

"सबूद हाय माजा."

आणि खरंच, कधी राहिली नव्हती.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत जिल्ह्यातल्या कॉलेजांची विभागीय स्पर्धा पहिल्यांदाच इथे भरायची ठरली. साखळी सामने आधीच झाले होते. त्यातले वरचे चार संघ आता इथे येणार, सकाळी उपान्त्य सामने, दुपारी अंतिम, आणि जिंकेल तो पुण्याला जाणार. दुष्काळाचं वर्ष. कालवा महिन्यातून एकदा, तोही जेमतेम वाहायचा. गावातली जनावरं छावणीत गेली होती, त्यामुळे शेणसुद्धा सहज मिळेना. लंकाबाई तीन मैल चालत छावणीत जायची आणि डोक्यावर पाटी घेऊन परत यायची. पाण्याचं कोडं वसतिगृहातल्या पोरांनी सोडवलं. आंघोळीचं पाणी वाया घालवायचं नाही, टोपात उभं राहून आंघोळ करायची आणि टोप लंकाबाईच्या पिंपात ओतायचं.

"मावशी, आज साबन लावला न्हाई बरं का," सूर्यभान टोप ओतता ओतता ओरडायचा. "मैदानाला फेस आला तर समोरचं पोरगं घसरून पडंल!"

"तू साबन कवा लावतोस ते तरी सांग," ती म्हणायची. "तुज्या पान्याला मातीचाच वास येतो. माजं निम्मं काम तिथंच हुतं."

स्पर्धेच्या आठवडाभर आधी प्रिन्सिपॉलसाहेब मैदान बघायला आले. सरांनी तिच्यासाठी आधीच शब्द टाकून ठेवला असावा. साहेब म्हणाले, "बाई, मैदानाबद्दल एकही तक्रार न येता स्पर्धा पार पडली, तर कमिटीपुढे तुमचं नाव कायम करायला ठेवतो. सामानाच्या खोलीशेजारची खोलीही तुम्हाला देऊ."

खोली म्हटल्यावर लंकाबाईनं तिकडे वळून पाहिलं. ती सध्या कॉलेजच्या शिपायाच्या, कारभारीच्या, पडवीत झोपायची. तिची लेक रतन अकरा वर्षांची; आजीबरोबर टोळीत होती, कोपरगावच्या पलीकडच्या फडावर मोळ्या बांधत होती. यंदा ऊसच निम्मा. टोळी आठ दिवसांत गावाकडे निघणार होती आणि तिथून थेट खडी फोडायच्या कामावर. गेल्या रविवारी लंकाबाई भेटायला गेली, तेव्हा गोजरबाईनं स्पष्ट सांगितलं होतं, "भितीला भित आन् दाराला कडी असंल तर ने पोरीला. परक्याच्या पडवीत मी न्हाई धाडायची. माज्यासंगं खडी फोडंल, पर नजरंम्होरं ऱ्हाईल."  रतनच्या तळहातांना पाचटानं बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, त्या ती लपवत होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळचे दोन्ही सामने झाले. एका सामन्यात लंकाबाईच्या कॉलेजचा संघ जिंकला, दुसऱ्यात नगरचा. नगरच्या संघात भिंगारची तीन पोरं होती, तिथल्या लष्करी छावणीतल्या जवानांबरोबर खेळून तयार झालेली. त्यांची चालच वेगळी. या दोन सामन्यांत उत्तरेकडच्या खांबाखालची जमीन पार उखणली. दुरुस्तीला चार तास होते. पण पंच म्हणाले, थंडीचे दिवस, उजेड लवकर जातो, इथे दिवे नाहीत. अंतिम सामना तासभर अलीकडे घेऊ.

लंकाबाईनं घाईघाईनं माती चोपली, काला केला आणि खांबापासून मागे मागे सरकत तेवढाच तुकडा सारवत आली. फ्री थ्रोच्या रेघेच्या हातभर अलीकडे, खांबाच्या बाजूलाच, तो संपला. नेहमी ती वाळेपर्यंत थांबायची. आज थांबायला वेळ नव्हता, आणि मोकळा सोडून जायला मन घेईना. तिनं कनवटीची रांगोळीची पुडी सोडली आणि तिथल्या तिथे, ओल्यावरच, चिमटीनं आडवी रेघ ओढली. मग उठून पाण्याचे माठ भरायला गेली. थोड्या वेळानं सरांनी येऊन चुन्याच्या रेघा मारल्या; तिची रेघ नेहमीसारखी दोन पायांत जाईल म्हणून तशीच राहू दिली. बाकी मैदान कोरडं ठणठणीत होतं. त्यावर चुना नुसता भुरभुरला.

सामन्याला आसपासची गावं लोटली. झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं. बाया लांब कडुनिंबाखाली. लंकाबाई खांबामागच्या आपल्या जागी बसली. घड्याळ सरांच्या टेबलावर, पण वेळ संपल्याचा टोल कारभारी द्यायचा, कॉलेजच्याच लोखंडी पट्टीवर. सामना असा अटीतटीचा झाला की चहावाल्याची किटली तशीच गार झाली. भिंगारची पोरं दोन गुणांनी पुढे जात, सूर्यभान बरोबरी करी. शेवटच्या क्षणी नगरचा संघ दोन गुणांनी पुढे होता. सूर्यभान दोघांच्या मधून घुसला, उडाला, आणि हवेतच भिंगारच्या पोराचा धक्का त्याच्या खांद्याला लागला. चेंडू कडीतून खाली आला, शिट्टी झाली आणि टोलही पडला. शेहेचाळीस-शेहेचाळीस. वेळ संपली होती; राहिला होता फक्त धक्क्याबद्दलचा एक फ्री थ्रो. मध्ये कुणी येणार नाही, एकट्यानं रेघेमागून चेंडू टाकायचा. पडला तर पुणे.

उन्हं कलली होती. पंचांनी बोटानं पांढरी रेघ दाखवली, सूर्यभान तिथे उभा राहिला, दोनदा चेंडू आपटला आणि टाकला. चेंडू कडीला न लागता आत गेला.

पुढचं काही वेळ कुणालाच ऐकू आलं नाही. पोरांनी सूर्यभानला खांद्यावर घेतलं. कारभारीनं सुट्टीची लांब घंटा उगाचच दिली. लंकाबाईच्याही डोळ्यांना पाणी आलं. सगळे मैदानातून बाहेर सरकल्यावर सवयीनं ती आत गेली, जमीन बघायला.

सूर्यभानच्या दोन्ही पायांचे ठसे तिला लगेच सापडले. ते एका पांढऱ्या रेघेला अगदी चिकटून होते. तिनं वाकून रेघेवर बोट फिरवलं. चुना नव्हता. बोटाला काही लागलंच नाही. रेघ शेणात घट्ट बसली होती. मग तिनं मागे पाहिलं. चुन्याची खरी रेघ दीड तासाच्या पायांखाली गेली होती, तिचे नुसते पुसट डाग राहिले होते. तिनं हात टेकवून मोजलं. वीत, आणि वर आणखी एक वीत. कोपरापासून बोटापर्यंत पुरा हात.

ती तशीच बसून राहिली.

"काय गं, उठ की. पेढे वाटायलेत तिकडं," कारभारी मागून आला. तिनं बोट दाखवलं. कारभारीला कळायला वेळ लागला नाही. पाच वर्षं तो सामने बघत होता. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लंकाबाई, पाय फिरव न् चल. कुनी बघितलंय?"

"मी बघितलंय की भाऊ."

"तुला काय इचारायला येनार हाय का कुनी? आगं, खोली मिळंल. पोरगी येईल तुजी. एक पाय फिरवायचा हाय."

तिनं पाय उचलला. रेघ एवढीशी होती, टाचेच्या एका घासानं गेली असती. पलीकडे बाजूच्या दोरीजवळ भिंगारचं ते पोरगं, धक्का ज्याच्याकडून लागला ते, टॉवेलमध्ये तोंड घालून बसलं होतं. त्याचे सोबती त्याच्याशी बोलत नव्हते. लंकाबाईनं पाय परत होता तिथे ठेवला.

"मी सरांना सबूद दिल्ता," ती म्हणाली, आणि टेबलाकडे चालायला लागली.

वाकचौरे सर इतके खुशीत होते की तिचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"ओल्यावर ओढलीत?"

"व्हय. येळ नव्हता. मोकळं सोडवंना."

"लंकाबाई, तुम्ही काय बोलताय, ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय सर. म्हनून तर तुमच्याकडं आले. तुमी म्हनाल तसं."

सरांनी पोरांकडे पाहिलं. चार वर्षं ते या पोरांना घडवत होते. संघ एकदाही पुण्यापर्यंत गेला नव्हता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पंच गुणपत्रक पुढे ओढून पेनचं टोपण काढत होते. सरांनी खिशात हात घातला. तिला वाटलं, रुमाल काढतायत. त्यांनी मोजायची टेप काढली.

"साहेब," ते पंचांना म्हणाले, "सही जरा थांबवा."

पंचांनी स्वतः गुडघ्यावर बसून मोजलं. उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटीवर दोन हिरवट डाग होते. "मीही तीच रेघ धरली," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. फ्री थ्रो पुन्हा होईल."

ही बातमी गर्दीत पसरली तशी हुर्यो सुरू झाली. "ए मावशे, भिंगारला ऱ्हायला जायचंय का?" "शेन कालवायचं सोडून पंच कवापासून झाली गं?" कुणीतरी ढेकूळही फेकलं, ते माठाला लागलं. लंकाबाई खाली बघून उभी राहिली. सूर्यभान तिच्यासमोर येऊन थांबला. घाम अजून वाळला नव्हता.

"मावशी, तुमी आमच्या का त्यांच्या?"

"घाईत वलीवर वढली रे बाबा. माजी चूक झाली," ती म्हणाली. 

सरांनी चुन्याची नवी, जाड रेघ मारली. सूर्यभान तिच्यामागे उभा राहिला. या वेळी कुणी ओरडत नव्हतं. त्यानं चेंडू बराच वेळ हातात फिरवला. टाकला तेव्हा तो कडीवर बसला, अर्धा वेढा घेतला आणि बाहेरच्या बाजूनं खाली आला.

मग जादा पाच मिनिटं खेळवली. भिंगारच्या पोरांना नवा जीव आला होता, सूर्यभानच्या पायांतला गेला होता. त्याची डावी टाच रुतायची थांबली होती. लंकाबाईला ते खांबामागूनही दिसत होतं. चौपन्न-पन्नास. चार गुणांनी नगर जिंकलं.

त्या संध्याकाळी पिंपात टोप ओतायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी निरोप घेऊन आला, "साहेबांनी बोलावलंय." तिनं कपड्यांचं गाठोडं आधीच बांधून पडवीत ठेवलं होतं. ऑफिसात वाकचौरे सर भिंतीशी उभे होते. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या समोर पंचांचा अहवाल होता.

"बाई, काल तुमच्यामुळे आपण हरलो. गावातले चार मोठे लोक मला हेच सांगायला सकाळीच येऊन गेले."



साहेबांनी चष्मा लावला. "पंचांनी लिहिलंय: मैदान उत्तम. फ्री थ्रोच्या रेषेची चूक मैदानाची देखभाल करणाऱ्या बाईंनी स्वतः लक्षात आणून दिली. मैदानाबद्दल कुणाचीही तक्रार नाही." चष्मा काढून त्यांनी सरांकडे पाहिलं. "नगरवाल्यांनीही तक्रार केलेली नाही."

"करतील कशी? जिंकले ते," सर म्हणाले.

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत आवरलं. "मी तक्रारीबद्दल बोललो होतो, बाई. जिंकण्याबद्दल काही बोललो नव्हतो. कमिटी बसेल तेव्हा बसेल. किल्ली वाकचौऱ्यांकडून घ्या." ती वळली तसं ते पुन्हा म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी घाई करू नका."

 नमस्कार करताना तिच्या लक्षात आलं की आपल्या नखांत अजून कालचं शेण आहे.

वसतिगृहावरून जाताना सूर्यभान जिन्यावर बसलेला दिसला. ती क्षणभर थांबली. त्यानं मान वळवली. बी.ए.चं त्याचं शेवटचं वर्ष होतं. आता पुण्याला खेळायला जाणं त्याच्या नशिबात नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. ती पुढे गेली.

फडावर पोचली तेव्हा टोळीची बांधाबांध चालू होती. कोप्या मोडल्या होत्या, गाड्या जुंपल्या होत्या. गोजरबाई गाडीच्या साट्यात भांडी रचत होती. लंकाबाईनं किल्ली दाखवली. गोजरबाईनं ती हातात घेतली, वजन केल्यासारखी वर-खाली केली, आणि मग सगळी हकिगत विचारून घेतली, पहिल्यापासून.

"म्हंजे तुज्यामुळं हरली व्हय पोरं?"

"व्हय."

"आन् तरी बी खोली दिली?"

"दिली."

"शिकलेल्या मान्सांचं मला कायबी कळत न्हाई बाई." तिनं रतनला हाक मारली. "ए रतने, जा आईसंगं. दाराला आतून कडी हाय का ते आदी बघ. नसंल तर म्होरल्या साली येऊन तुला परत नीन." आणि मग लंकाबाईकडे न बघता, "तिच्या हातांना तेल लाव."

रतननं आपली वाकळ खाली ओढली. एवढ्यात पुढच्या गाडीवाल्यानं बैलांना हाळी दिली आणि गाड्यांची रांग हलली. मायलेकी वाटेच्या कडेला उभ्या राहिल्या. गोजरबाईची गाडी दहा-वीस पावलं गेली असेल, तशी ती साट्यात उभी राहिली आणि मागे तोंड करून ओरडली,

"जिंकली असती तर लई बरं झालं असतं गं!"

लंकाबाईलाही कालपासून तेच वाटत होतं. "व्हय!" तिनं ओरडून सांगितलं, आणि रतनच्या डोक्यावरची वाकळ आपल्या डोक्यावर घेतली.